लेन्स डोळ्यात सोडताना: हात की मोटर?

नमस्कार मंडळी. मी डोळ्यांचा डॉक्टर, सिंधुदुर्गातच प्रॅक्टिस करतो, आणि आज मोतीबिंदूच्या ऑपरेशनमधल्या जेमतेम अर्ध्या मिनिटाबद्दल बोलणार आहे. गेल्या महिन्यात देवगडकडच्या एक आजी आल्या, खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टरांनू, मशीनीन करतलास ना? झिलान मुंबयसून फोन केल्यान, मशीनीन लेन्स घालतत थयच कर म्हणान." मुलगा काळजीपोटीच बोलला होता हो, पण आजींची दोन रात्री झोप उडाली होती, आपल्याकडे ते मशीन नसलं तर आपला डोळा फुकट जाणार असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

तर आजींना सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. आपलं खराब झालेलं भिंग फोडून काढलं की त्याची पातळ पिशवी डोळ्यात राहते, तिची मागची बाजू साधारण ४ मायक्रॉन जाड, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ. नवी लेन्स त्या पिशवीत बसवायची असते. लेन्सचा गोल भाग ६ मिलिमीटरचा, दोन बाजूंना दोन बारीक पाय, आणि आपला छेद २.२ ते २.८ मिलिमीटर. मग ती जाणार कशी? पानाची सुरळी करतो तशी दुमडून, नळीतून. १९४९ साली लंडनला हॅरॉल्ड रिडली यांनी पहिली लेन्स बसवली ती कडक प्लॅस्टिकची होती, दुमडायचा प्रश्नच नव्हता, म्हणून तेव्हा छेद मोठा आणि टाके आले.

ही सुरळी आत ढकलतो तो इंजेक्टर. तुमच्या घरातला शेवेचा सोऱ्या आठवा. एक फिरवायचा असतो, एक दाबायचा. इंजेक्टरचंही अगदी तसंच, स्क्रूवाला फिरवला की लेन्स हळूहळू सरकते, पण त्याला दोन्ही हात अडकतात. दाबायचा असतो तो इंजेक्शनच्या सिरिंजसारखा, एका हाताने चालतो, पण सोऱ्यात पीठ घट्ट असलं की आपण जोर लावत राहतो आणि एकदम गोळा बाहेर पडतो ना, तसं इथेही होऊ शकतं, आणि इथे समोर ४ मायक्रॉनची पिशवी असते. त्यात अॅक्रिलिक लेन्स गार असली की ताठ होते, ऑपरेशन थिएटरमध्ये एसी जोरात असेल तर ढकलायला जास्त जोर लागतो आणि आत उघडतेही सावकाश.

ऑटोमॅटिक इंजेक्टर आला तो इथेच. अल्कॉन कंपनीच्या ऑटोसर्टमध्ये छोटी मोटर असते, मोतीबिंदू फोडायच्या मशीनलाच तो जोडलेला, डॉक्टर पायाने पेडल दाबतो आणि लेन्स ठरलेल्या वेगाने सरकते. त्यांच्याच दुसऱ्या एका इंजेक्टरमध्ये तर मोटरही नाही, कार्बन डायऑक्साइडची इवलीशी डबी असते, सोडावॉटरमध्ये असतो तोच गॅस, बोटाने खटका दाबून वेग कमीजास्त करायचा. फायदा खरा आहे, धक्का बसत नाही, आणि दुसरा हात मोकळा राहतो, त्या हाताने डोळा स्थिर धरता येतो. घाबरलेला पेशंट डोळा हलवतो तेव्हा तो मोकळा हात किती मोलाचा असतो ते ऑपरेशनच्या टेबलापाशी असलेल्या माणसालाच कळतं.

पण दुसरी बाजूही ऐका. मी शिकत होतो तेव्हा एकदा स्क्रू फिरवताना बोटाला जरासं अडखळल्यासारखं लागलं, थांबलो, मायक्रोस्कोपखाली बघितलं तर लेन्सचा मागचा पाय ढकलणाऱ्या दांड्याखाली चेपला होता. लेन्स अजून नळीतच होती, ती टाकून दिली आणि नवीन घेतली. ते अडखळणं बोटाला कळलं म्हणून वाचलं, मोटर तर त्याच वेगाने ढकलत राहते, तिथे सगळा भरवसा डोळ्यांवर आणि पेडलवरच्या पायावर. आणि लेन्सचा पाय चेपतो तो बहुतेक वेळा लेन्स नळीत भरताना घाई झाली म्हणून, किंवा नळीतलं निसरडं जेल कमी पडलं म्हणून. म्हणून माझं स्पष्ट मत असं की कंपनीतूनच भरून आलेली प्रीलोडेड लेन्स मिळाली तर अर्धी काळजी तिथेच मिटते, पुढे ढकलणारा अंगठा आहे की मोटर हा फरक सरावलेल्या डॉक्टरच्या हातात फार लहान राहतो. मोटर नाही म्हणून मुंबईची गाडी पकडू नका.

त्यापेक्षा उशीर करू नका, हे मी हात जोडून सांगतो. आपल्याकडे आंबा उतरला की बघू, मग लावणी, मग गणपती, असं करत दिवाळी येते आणि तोवर मोतीबिंदू दगडासारखा झालेला असतो. तसा झाला की पुष्कळदा छेदच मोठा घ्यावा लागतो, लेन्स चिमट्याने धरून बसवतात, म्हणजे इंजेक्टर हातचा की मोटरचा हा प्रश्नच उरत नाही.

आजींचं ऑपरेशन साध्या दाबायच्या इंजेक्टरने झालं, लेन्स प्रीलोडेड. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा त्यांनी आधी स्वतःच्या बांगड्या बघितल्या, मग मुलाला फोन लावायला सांगितला. लेन्सच्या खोक्यावरचा नंबराचा स्टिकर मी त्यांच्या कागदावर चिकटवून दिलाय, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा म्हटलं, दुसऱ्या डोळ्याच्या वेळी लागेल. दुसरा डोळा आंब्याच्या आधी करायचा ठरलाय.