परत परत येणारी खाज आणि रक्तातील साखर

श्रोतेहो, नमस्कार.

जांघेत, गुह्यांगाला किंवा स्तनांखालच्या घडीत खाज सुटली, की बरेच जण घरात कुणाला न सांगता औषधाच्या दुकानातून एखादे मलम आणतात. चार दिवस आराम पडतो आणि महिन्याभरात खाज पुन्हा हजर होते. असे वर्षातून तीन-चार वेळा घडत असेल, तर मलम बदलण्याआधी रक्तातील साखर तपासावी.

या खाजेमागे पुष्कळदा कँडिडा ही यीस्ट वर्गातील बुरशी असते. निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात आणि स्त्रियांच्या योनिमार्गात ती थोड्या प्रमाणात असतेच, आणि तेथील उपयुक्त जीवाणू व रक्तातील पांढऱ्या पेशी तिला आवरून धरतात. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की लाळेत आणि योनिस्रावात ग्लुकोज वाढते. रक्तातील साखर दर 100 मिलिलिटरमागे साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर गेली, की मूत्रपिंडांना सगळी परत शोषून घेता येत नाही आणि ती लघवीत उतरते. बुरशीला असे आयते खाद्य मिळत असतानाच पांढऱ्या पेशींची मारकशक्तीही मंदावलेली असते.

स्त्रियांना मग दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव, खाज आणि लघवीच्या वेळी आग असा त्रास होतो. पुरुष याविषयी फारच क्वचित बोलतात. पण शिश्नाच्या पुढच्या त्वचेला वारंवार चिरा पडणे आणि ती मागे न सरकणे, हे मधुमेहाचे पहिले लक्षणही असू शकते. कवळी वापरणाऱ्या वृद्धांच्या तोंडात पांढरा थर धरतो. पावसाळ्यातल्या चिखल्या मात्र कुणालाही होतात; त्या महिनोन्महिने बऱ्या होत नसतील, तेव्हा शंका घ्यावी.

अर्थात अंगावरून पांढरे जाण्याचे कारण दर वेळी बुरशी नसते, आणि बुरशीचे कारण दर वेळी मधुमेह नसतो. अँटिबायोटिक, स्टेरॉइड किंवा गरोदरपण यांमुळेही ती वाढते. म्हणून तपासणी हवी. उपाशीपोटी साखर 126 मिलिग्रॅम किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी, 6.5 टक्के किंवा अधिक आढळल्यास मधुमेह समजतात. लक्षणे स्पष्ट नसतील, तर चाचणी पुन्हा करून खात्री केली जाते.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या हल्ली अनेकांना दिल्या जातात. साखर लघवीवाटे बाहेर टाकणे हेच त्यांचे काम असल्याने गुह्यांगाला बुरशी होण्याची शक्यता वाढते. हृदयासाठी आणि मूत्रपिंडांसाठी या गोळ्या उपयुक्त आहेत, त्यामुळे त्या परस्पर बंद करू नयेत. डॉक्टरांना संकोच न बाळगता त्रास सांगावा, जागा धुऊन कोरडी ठेवावी.

दुकानातली अनेक मिश्र मलमे स्टेरॉइडयुक्त असतात. त्यांनी खाज दबते, बुरशी मात्र पसरते. फ्लुकोनाझोल ही बुरशीवरची गोळीही मनाने घेऊ नये, कारण ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या औषधासोबत ती घेतल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि गरोदर स्त्रियांना तर ती सहसा दिलीच जात नाही.