मंगळयान ताशी किती वेगानं निघालं?

(दृश्य: बंगळुरूचा नियंत्रण कक्ष, पडद्यांवर सरकणारे आकडे)

१ डिसेंबर २०१३. मध्यरात्र उलटून ४९ मिनिटं झाली आहेत. मंगळयानाचं ४४० न्यूटन जोराचं इंजिन पेटलंय, आणि पुढची २२ मिनिटं ते पेटतं राहायला हवं. पृथ्वीला रामराम ठोकायचा तो आज.

काम फत्ते झालं आणि इस्रोनं आकडा सांगितला : यानाच्या वेगात ६४७.९६ मीटर प्रतिसेकंद इतकी भर पडली.

आपल्याला वेग उमगतो तो ताशी किलोमीटरमध्ये. तेव्हा हा आकडा आपल्या मापात आणू. तासात ३,६०० सेकंद, किलोमीटरात १,००० मीटर. म्हणजे मीटर प्रतिसेकंदाला ३.६ नं गुणायचं. उत्तर येतं, ताशी सुमारे २,३३३ किलोमीटर.

आता शाळेत पाठ केलेला मुक्तिवेग घ्या, म्हणजे पृथ्वीच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग. ११.२ किलोमीटर प्रतिसेकंद. याला ३,६०० नं गुणलं की होतात ताशी ४०,३०० किलोमीटर.

गरज चाळीस हजारांची, आणि इंजिनानं दिले जेमतेम सव्वादोन हजार. मग यान सुटलं कसं?

(दृश्य: श्रीहरिकोटा, ५ नोव्हेंबर २०१३, पीएसएलव्ही या इस्रोच्या रॉकेटचं उड्डाण)

पहिला हातभार जमिनीचाच. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, आणि श्रीहरिकोट्याच्या अक्षांशावरची जमीन ताशी १,६०० किलोमीटरहून जास्त वेगानं पूर्वेला धावत असते. रॉकेट उभं असतानाच हा वेग त्याच्या पदरात पडलेला असतो. बाकीचं पीएसएलव्हीनं केलं. यान लांबट कक्षेत गेलं. या कक्षेचा पृथ्वीला सगळ्यात जवळचा बिंदू म्हणजे उपभू. तो सुमारे २५० किलोमीटर उंचीवर होता, आणि तिथे यानाचा वेग होता ताशी सुमारे ३५,७०० किलोमीटर.

मुक्तिवेगही सगळीकडे एकच नसतो. जितकं वर जाल तितका तो कमी. २५० किलोमीटरवर तो ताशी ३९,५००च्या आसपास भरतो. म्हणजे तूट उरली ताशी ३,८०० किलोमीटरची. ती एका दमात भरून काढायची ताकद पीएसएलव्हीत नव्हती. म्हणून यानाचं छोटं इंजिन ७ ते १६ नोव्हेंबरदरम्यान पुन्हा पुन्हा पेटवण्यात आलं, दर वेळी उपभूच्या आसपास. उपभूपाशी वेग थोडा वाढला, की कक्षेचं दुसरं टोक दूर सरकतं.

११ नोव्हेंबरला मात्र घोळ झाला. इंजिनाला इंधन सोडणाऱ्या झडपेची मुख्य आणि राखीव अशी दोन्ही विजेच्या तारेची वेटोळी एकत्र चालवून पाहण्याची चाचणी होती. त्यात इंधनाचा प्रवाहच थांबला. १३० मीटर प्रतिसेकंद हवे होते, मिळाले ३५. आपल्या मापात सांगायचं तर हवे होते ताशी ४६८ किलोमीटर, मिळाले १२६. समृद्धी महामार्गावर गाड्यांना ताशी १२०ची मर्यादा आहे, तिच्याहून थोडा जास्त. एवढ्याशा वेगानंही कक्षेचं दूरचं टोक ६,६०० किलोमीटरहून अधिक पुढे गेलं! आकडे ताशी मापात आणले की ही कमाल ध्यानात येते. दुसऱ्याच दिवशी इंजिन पुन्हा पेटवलं, ताशी ४५० किलोमीटरची भर घातली आणि कसर भरून काढली.

१६ नोव्हेंबरनंतर यानाची फेरी १,९२,८७४ किलोमीटरपर्यंत जाऊन परतू लागली. उपभूपाशी आता वेग होता ताशी सुमारे ३८,८००. सुटकेला फक्त ६५०-७०० कमी.

मग १ डिसेंबरला २,३३३ कशाला दिले? कारण नुसतं सुटून भागत नाही. मोजक्या मुक्तिवेगानं निघालेलं यान दूर जाता जाता जवळजवळ थांबतं. पृथ्वीची ओढ त्याचा सगळा वेग खाऊन टाकते. मंगळाकडे जायचं तर गाठीशी काही उरायला हवं. भर पडल्यावर वेग झाला ताशी सुमारे ४१,२००, म्हणजे मुक्तिवेगापेक्षा १,७०० जास्त. इथे साधी वजाबाकी चालत नाही, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते. दोन्ही वेगांचे वर्ग करा, वजा करा, वर्गमूळ काढा : पृथ्वीची ओढ मागे पडल्यावर यानाकडे ताशी ११,७०० किलोमीटर उरतात. वरचे १,७०० दिले आणि हाती आले ११,७००! हा लाभ पृथ्वीजवळ, वेग सर्वाधिक असताना इंजिन पेटवल्याचा. ज्यांनी हा मार्ग आखला त्यांच्या हिशेबापुढे मी मनापासून हात जोडतो.

सूर्याच्या तावडीतून मात्र यान सुटलेलं नव्हतं. आपल्या अंतरावरून त्यासाठी ताशी दीड लाख किलोमीटर लागतात.

(दृश्य: मंगळ जवळ येतो)

मंगळाचा मुक्तिवेग ५.०३ किलोमीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी सुमारे १८,१००. त्याच्या जवळून जाताना यान त्याहून जोरात होतं, म्हणून आता वेग कमी करायचा होता. २४ सप्टेंबर २०१४च्या सकाळी तेच इंजिन उलट दिशेला रोखून २३ मिनिटं चालवलं आणि ताशी ३,९५६ किलोमीटर उतरवले. यान मंगळाच्या कक्षेत शिरलं : जवळचं टोक ४२२ किलोमीटरवर, दूरचं जवळपास ७७,००० किलोमीटरवर.