बाटलीतले बुडबुडे

[परळ. सकाळची वेळ. वॉर्डातली एक खाट.]

खाटेच्या पायाशी, जमिनीवर एक बाटली ठेवली आहे. तिच्या पाण्यात बुडालेली नळी बरगड्यांमधून थेट काकांच्या छातीत गेली आहे. काका खोकले, की पाण्यात चार बुडबुडे उठतात. स्टुलावर बसलेल्या काकूंची नजर तिथून हलत नाही. कालही बुडबुडे होते. परवाही होते.

फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये बहुधा गाठ असलेला अख्खा खंड काढतात. उजवीकडे असे तीन खंड, डावीकडे दोन. हे खंड पुष्कळदा एकमेकांना चिकटलेले असतात. ते सोडवताना उरलेल्या फुप्फुसाला बारीक भोकं पडतात आणि तिथून हवा गळते. बाटलीतले बुडबुडे त्याच हवेचे. वर्षानुवर्षं विडी ओढलेलं फुप्फुस तर जुन्या धोतरासारखं विरलेलं असतं. टाका घालावा तिथेच फाटतं.

बहुतेकांची गळती थोड्या दिवसांत आपोआप थांबते. पाच दिवसांपुढे गेली, की डॉक्टर तिला लांबलेली गळती म्हणतात. नळी राहते, म्हणून दुखतं. दुखतं, म्हणून माणूस जोर लावून खोकत नाही. मग कफ साठतो आणि न्यूमोनियाची, छातीत पू होण्याची भीती वाढते.

[ऑपरेशन थिएटर.]

हे टाळण्याची एक संधी छाती बंद करण्याआधी असते. सर्जन छातीत सलाईन ओततात, भूल देणारे डॉक्टर फुप्फुस अलगद फुगवतात. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरून बघतो, अगदी तसंच. बुडबुडा दिसला, तिथे आधी टाका. तरीही हवा येत असेल, तर जैविक सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा चिकट लेप.

दोन सिरिंज, तोंड एकच. एकीत फायब्रिनोजेन, दुसरीत थ्रॉम्बिन. दोन्ही आपल्या रक्तातलेच घटक. गुडघा खरचटल्यावर रक्त जसं थिजतं, तेच इथे सर्जनच्या हातून, हव्या त्या जागी घडतं. बघता बघता पांढरट, लवचीक पापुद्रा धरतो. पुढे तो शरीरातच विरून जातो. हेच घटक लावलेली कोलेजनची पट्टीही मिळते; ती गळतीवर ठेवून काही मिनिटं दाबून धरायची.

मात्र हे स्पष्ट सांगायला हवं: आजवरच्या तुलनात्मक चाचण्यांत सीलंटमुळे गळती कमी झालेली दिसते, पण हॉस्पिटलातले दिवस दर वेळी कमी झालेले दिसत नाहीत. आणि ही वस्तू महाग आहे. सरसकट सगळ्यांना लावण्यात अर्थ नाही. विरलेलं फुप्फुस, टाक्यांनंतरही दिसणारी गळती, तिथे तिचं मोल आहे. वॉर्डात आल्यावर गळती लांबलीच, तर पेशंटच्याच हातातून काढलेलं रक्त नळीवाटे छातीत सोडण्याचा स्वस्त उपायही आहे. रक्त आत थिजतं आणि भोक बुजतं.

गावाहून आलेल्यांसाठी नळीचा एकेक दिवस म्हणजे मुंबईतला एकेक दिवस. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सर पेशंटचे नातेवाईक उतरतात. संध्याकाळी तिथे एकमेकांना विचारायचा प्रश्न ठरलेला, “नळी निघाली का?”

[पुन्हा वॉर्ड. दुसरा दिवस.]

काका खोकतात. नळीतलं पाणी वर चढतं, खाली येतं. बुडबुडा नाही.

काकू स्टूल पुढे ओढतात. “अहो, परत एकदा खोका बघू.”