करोडगिरीचा नाका

मंडळी, राम राम.

१७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडा का चढतो, हे पुण्या-मुंबईच्या मित्रांनाही समजावून सांगावं लागतं. १५ ऑगस्टनंतर तेरा महिने आम्ही निजामाच्याच हैदराबाद राज्यात होतो.

माझी आजी उस्मानाबादकडची, म्हणजे आताच्या धाराशिवकडची. निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या, त्या हत्यारबंद टोळ्यांच्या, धास्तीनं गाव उठलं आणि बार्शीला गेलं. बार्शी हिंदुस्थानात. इकडं निजामाचं नाणं हाली शिक्का, तिकडं हिंदुस्थानचा कलदार रुपया, मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. जातं काही उचलवेना, म्हणून आजीनं नुसता खुंटा भाकरीच्या गाठोड्यात बांधला. परत यायचंच होतं ना!

१९४८ साली काश्मीर आणि हैदराबाद, दोन्ही प्रश्न संयुक्त राष्ट्रांत गेले होते. आमचा भारतीय फौजेच्या पाच दिवसांच्या कारवाईनं, ‘पोलीस ॲक्शन’नं, १७ सप्टेंबरला सुटला. त्यानंतर आपल्याकडच्या मुसलमान शेजाऱ्यांवर जे गुदरलं, ते सांगताना मात्र आजीचा आवाज बारीक व्हायचा. काश्मीरचा प्रश्न वेगळा, मला ठाऊक आहे. पण हद्दीमुळं घराला काय होतं, ते आमच्या लोकांना कुणी शिकवायला नको.

७ एप्रिल २००५ ला श्रीनगर–मुझफ्फराबाद बस निघाली. आदल्याच दिवशी दहशतवाद्यांनी श्रीनगरात त्या प्रवाशांच्या मुक्कामावर हल्ला केला होता. तरी लोक बसले, आणि नियंत्रण रेषेवरचा अमन सेतू पायी ओलांडून गेले. २००८ मध्ये नियंत्रण रेषेवरून व्यापार सुरू झाला, तोही पैशाविना, मालाला माल. आपल्या बलुत्यासारखंच म्हणा की! इकडून केळी, जिरं, तिकडून बदाम. पुढं पुलवामा झालं; चाळीस जवान गेले, त्यातले दोघं आमच्या शेजारच्या बुलढाण्याचे. दोन महिन्यांत सरकारनं हा व्यापार थांबवला. त्या वाटेनं हत्यारं आणि खोट्या नोटा येतात, असं कारण दिलं. ते खोटं होतं, असं मी म्हणणार नाही.

मग गेल्या वर्षी, २२ एप्रिल २०२५ ला पहलगाम. २६ माणसं, त्यांतली सहा महाराष्ट्राची, आणि एक तिथलाच घोडेवाला. बंदूकवाल्यांना पोसणाऱ्यांना सोडू नये, यात माझं दुमत नाही. पण ७ ते १० मे या भारत-पाक लढाईच्या चार दिवसांत पूंछमध्ये तोफगोळे पडले ते घरांवरच. इथं सातासमुद्रापार बसून ‘होऊन जाऊ द्या एकदा’ म्हणणं फार स्वस्त आहे. आपल्या मंडळाच्या ग्रुपवरही ते झालं, मीही त्याला पसंतीचा अंगठा दिला होता.

खुंटा अजून आमच्या घरी आहे. आजी परत आली तेव्हा जातं नव्हतं.