रूळ सरकारचे, गहू शेतकऱ्यांचा

[दृश्य : ऑगस्ट महिना. पिवळ्या टेकड्यांवर कापणी यंत्रं. खाली उंच धान्य-कोठार, त्याच्या पायथ्याशी गवतात अर्धे बुडालेले रूळ.]

वॉशिंग्टन राज्य म्हटलं की आपल्याला आठवतं ते सिॲटल. पाऊस, समुद्र, सॉफ्टवेअर कंपन्या. पण कॅस्केड पर्वत ओलांडून पूर्वेला उतरलात की बराचसा पाऊस डोंगरापलीकडेच राहतो आणि समोर येतात या टेकड्या. या प्रदेशाला पलूस म्हणतात. सांगलीचं पलूस नव्हे, पण शेतकऱ्यांचाच मुलूख. वाऱ्याने लाखो वर्षं आणून टाकलेली माती, आणि बहुतेक सगळा गहू पावसाच्या भरवशावर.

हा मऊ पांढरा गहू. केक, बिस्किटं, नूडल्स यांसाठी जपान, फिलिपिन्स, दक्षिण कोरिया तो विकत घेतात. पिकाचा मोठा हिस्सा परदेशी जातो, म्हणजे आधी तो कोलंबिया नदीकाठच्या पोर्टलंड, व्हँकुव्हर, कलामा या बंदरांवर पोहोचायला हवा. शेत ते बंदर अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास. वाहतुकीला जो खर्च येतो, तो शेवटी शेतकऱ्याच्या भावातूनच कापला जातो. हे आपल्याकडच्या कांदा उत्पादकाला वेगळं समजावून सांगायला नको.

[दृश्य : वजनकाट्यावरून उतरलेला ट्रक. कोठाराच्या नळीतून वाघिणीच्या छतातल्या झाकणांतून पडणारा गहू. धूळ.]

एका वाघिणीत साधारण शंभर टन गहू मावतो. तेवढ्याला रस्त्याने साडेतीन ते चार ट्रक लागतात. मोठ्या मालगाडीला 110 वाघिणी असतात. म्हणजे एक गाडी गेली की जवळपास चारशे ट्रक रस्त्यावर उतरायचे वाचतात.

या वाघिणी ज्या रुळांवर उभ्या आहेत, ते ना कुठल्या कंपनीचे, ना अमेरिकेच्या केंद्र सरकारचे. ते वॉशिंग्टन राज्याचे आहेत. पलूस रिव्हर अँड कुली सिटी, थोडक्यात पीसीसी. लांबी 297 मैल, म्हणजे सुमारे 478 किलोमीटर. तीन फाटे. एक चेनीहून पश्चिमेला कुली सिटीपर्यंत जातो, दुसरा मार्शलहून दक्षिणेला पुलमनच्या बाजूला, आणि तिसरा हूपर गावाहून आत, थॉर्नटन आणि कोलफॅक्सकडे. रूळ राज्याचे, गाड्या मात्र भाडेकराराने खासगी कंपन्या चालवतात.

रेल्वेचं खासगीपण हा ज्या देशाचा अभिमान, तिथे राज्य सरकार गव्हासाठी मालगाडीचे फाटे का विकत घेतं?

[दृश्य : जुने नकाशे. मग स्नेक नदीवरचं धरण, लॉकमधून (जलदारातून) उतरणारी धान्याची बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू नाव.]

कुली सिटीपर्यंत रूळ पोहोचले 1890 साली. ते टाकले नॉर्दर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीच्या उपकंपनीने. तेव्हा गावं रुळांच्या कडेने वसली. रिअर्डन, डेव्हनपोर्ट, विल्बर, अल्मायरा ही नावं आजही त्याच ओळीत वाचता येतात. पुढे मोटार-ट्रक आले. 1975 मध्ये कोलंबियाला मिळणाऱ्या स्नेक नदीवरचं लोअर ग्रॅनिट धरण पुरं झालं आणि समुद्रापासून 465 मैलांवरचं लुइस्टन हे बंदर झालं! गहू ट्रकने नदीपर्यंत नेऊन बार्जमध्ये ओतणं परवडू लागलं. 1980 मध्ये मिलवॉकी रोड या रेल्वे कंपनीने इथून प्रशांत महासागराकडे जाणारा आपला अख्खा मार्ग सोडून दिला. त्याच वर्षी स्टॅगर्स कायदा आला. दर ठरवणं आणि न परवडणारे फाटे बंद करणं रेल्वे कंपन्यांना सोपं झालं.

मोठ्या कंपन्यांनी मग मुख्य मार्ग स्वतःकडे ठेवले आणि फाटे विकायला काढले. नव्वदच्या दशकात पलूसचे फाटे कॅन्सस राज्यातल्या वॉटको कंपनीकडे गेले. गाड्या चालल्या, पण रुळांत घालायला पुरेसा पैसा निघेना. फाटे मोडीत जाण्याची वेळ आली तेव्हा राज्याने 2004 ते 2007 दरम्यान टप्प्याटप्प्याने ते विकत घेतले. ग्रँट, लिंकन, स्पोकॅन आणि व्हिटमन या चार काउंट्यांनी, म्हणजे जिल्ह्यांनी, मिळून देखरेखीसाठी एक प्राधिकरणही उभं केलं.

राज्याला ही बुद्धी एकदम सुचली नव्हती. 1994 पासून वॉशिंग्टन राज्य ‘ग्रेन ट्रेन’ नावाची योजना चालवतं. सुगीत शेतकऱ्यांना वाघिणी मिळत नसत, मोठ्या कंपन्या त्या दुसरीकडे वळवत. राज्याने 29 वाघिणी स्वतः घेतल्या, भाड्याने दिल्या, आणि भाड्यातून योजना आपल्या पायावर उभी राहिली. पुढे आणखी वाघिणी घेतल्या. सरकारी पैसा शेतकऱ्याच्या नेमक्या अडचणीवर लावला तर काय होतं, त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं.

वाघिणीचं गणित भाड्यातून सुटलं. रुळांचं सुटत नाही.

[दृश्य : कॅमेरा जमिनीलगत. लाकडी स्लीपर, भेगाळलेला. खिळा बोटाने हलतो. मागून येणाऱ्या गाडीचा आवाज.]

हा स्लीपर बघा. लाकूड आतून सडलंय, खिळा धरायला त्यात जीव उरलेला नाही. वरून चाक गेलं की रूळ दबतो, चाक पुढे गेलं की वर येतो, आणि खिळा दर वेळी कणभर उचलला जातो. असे दोन-चार स्लीपर लागोपाठ आले की रुळांमधलं अंतर वाढतं आणि वाघीण घसरते. म्हणून मग वेग कमी करायचा. असल्या फाट्यांवर ताशी दहा मैलांची मर्यादा सर्रास असते. सायकलवाला पुढे निघून जाईल.

रुळांच्या पोटावर कारखान्याचं नाव आणि साल उठावात असतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे रूळ अशा फाट्यांवर अजून सापडतात. ते ज्या वाघिणींसाठी टाकले, त्या आजच्या मानाने किरकोळ होत्या. आजची भरलेली वाघीण 2 लाख 86 हजार पौंडांची, म्हणजे जवळजवळ 130 टन. जुन्या हलक्या रुळांवर आणि लाकडी पुलांवर ती घालायची म्हणजे एकतर वाघीण कमी भरा, नाहीतर रूळ बदला. कमी भरली की दर टनाचा खर्च वाढतो, शेतकरी ट्रककडे जातो, फाट्याचं उत्पन्न घटतं, आणि स्लीपर बदलायला त्याहून कमी पैसे उरतात.

पैसा ओतला तर काय होतं तेही याच मार्गांवर दिसतं. मार्शलहून निघणाऱ्या फाट्यावर मॅकॉय इथे सहकारी संस्थांनी 110 वाघिणी एका दमात भरणारं केंद्र बांधलं. ते 2013 मध्ये सुरू झालं. शेतकऱ्यांच्या संस्थांनी स्वतःचं भांडवल सरकारी रुळाशेजारी ओतलं, कारण रूळ उद्या उखडले जाणार नाहीत एवढा भरवसा होता. असा भरवसा वाटावा म्हणून तर सरकारी मालकी.

[दृश्य : मूर्तिजापूर स्थानक. अरुंद रूळ, त्यांच्यामधून वाढलेली बाभूळ.]

आपल्या विदर्भात नेमकी उलटी रचना होती. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी शकुंतला. रूळ किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने काढलेल्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे, गाडी चालवायची भारतीय रेल्वेने. कापसासाठी टाकलेली ही वाट. 1921 साली मँचेस्टरमध्ये बनलेलं तिचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत धावलं. पण रुळांत पैसा कोणी घालायचा? मालक कंपनी म्हणे गाडी तुमची, चालवणारे म्हणत रूळ तुमचे. आणि भोगलं ते कारंजा-दारव्हा-अंजनगावच्या लोकांनी. 2016 मध्ये ब्रॉडगेजची घोषणा झाली, तरी रुळांवर आज गवत आहे.

पलूसमध्ये ‘हे कोणाचं काम’ हा वाद तरी उरलेला नाही. रूळ राज्याचे, तेव्हा स्लीपरही राज्याचेच. मालकी घेण्याचा निर्णय एकदाच करायचा असतो; स्लीपरचा पैसा मात्र दर अर्थसंकल्पात मागावा लागतो. तिथे स्पर्धा आहे सिॲटलच्या पुलांशी आणि महामार्गांशी, जिथे मतदार लाखांनी आहेत. कुली सिटीत काही शेकडा.

इतर राज्यांनी वेगळे रस्ते धरले. ओक्लाहोमाने 2014 मध्ये आपला एक मार्ग साडेसात कोटी डॉलरना विकला. साउथ डाकोटाने मिलवॉकी रोडच्या पडझडीनंतर घेतलेले मुख्य मार्ग 2005 मध्ये बीएनएसएफ या बड्या रेल्वे कंपनीला दिले. तिथे तोवर वाहतूक भक्कम झाली होती, गिऱ्हाईक होतं. पलूसचे फाटे आज विकायला काढले तर घेणारा आधी चांगला तुकडा उचलेल आणि टोकाकडचा भाग भंगाराच्या भावात मोजेल. माझं मत स्पष्ट आहे: विकू नयेत. इथे 2006 साली कोलफॅक्स आणि पुलमनच्या मधला एक पूल जळाला. तो परत बांधला गेला नाही आणि दोन्ही गावांमधली गाडी कायमची बंद झाली. एक पूल गेला की अख्खा तुकडा जातो.

[दृश्य : स्नेक नदी. धरणाच्या भिंतीजवळ माशांसाठी बांधलेली पायऱ्यांची वाट.]

आणि एक मोठा प्रश्न नदीत आहे. लोअर स्नेकवरच्या चार धरणांमुळे सॅमन मासे संपत चालले, म्हणून ती काढा अशी नदीकाठच्या आदिवासी राष्ट्रांची मागणी आहे. त्यांच्याशी केलेल्या करारांत मासेमारीचा हक्क लिहून दिलेला आहे, ती काही याचना नव्हे. 2023 च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने त्या दिशेने समझोता केला, 2025 च्या जूनमध्ये नव्या प्रशासनाने तो रद्द केला. उद्या वारं पुन्हा फिरलं आणि बार्ज थांबली, तर तो सगळा गहू याच रुळांवर येईल. ताशी दहा मैलांच्या रुळांवर तो मावणार नाही. धरणं राहोत वा जावोत, रूळ आधीच तयार ठेवावे लागतील. शेतकऱ्याला मासेमाराविरुद्ध उभं करायचं नसेल तर त्याच्या गव्हाला दुसरी वाट हवी.

[दृश्य : हूपर फाटा. एक छोटं इंजिन, मागे मोजक्या वाघिणी.]

तिन्ही फाट्यांत सगळ्यात कसोटी लागेल ती या हूपरकडच्या फाट्याची. राज्याचा अर्थसंकल्प दोन वर्षांचा असतो, पुढचा 1 जुलै 2027 पासून लागू होईल. त्यात या फाट्यासाठी स्लीपर, पूल आणि जड रूळ यांचा वेगळा, दर वेळचा ठरलेला आकडा हवा, अशी मागणी इथल्या काउंट्यांनी आत्ताच लावून धरायला हवी. कापणी संपली की शेतकऱ्यांना ऑलिम्पियाला, म्हणजे राजधानीला, जायला वेळ असतो. विधिमंडळाचं अधिवेशन जानेवारीत बसतं.