लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह डिस्क वाचत नाही? नवीन घ्यायच्या आधी हे करून पाहा

नमस्कार मंडळी, नागपूरवरून बोलतोय. आज टेबलावर हा जुना लॅपटॉप घेतलाय, डीव्हीडी ड्राइव्हवाला, आणि तक्रार नेहमीचीच आहे, डिस्क टाकली की थोडं घरघरतं, हिरवा लाइट चमकतो आणि मग स्क्रीनवर येतं की डिस्क टाका. अरे आतच तर आहे ना डिस्क! आणि अशा वेळी डिस्क कोणती असते तर लग्नाची, बारशाची, आजोबांच्या पंचाहत्तरीची. सिनेमा काय, दुसरीकडे कुठेही मिळेल, हे नाही मिळत. म्हणून मला वाटतं की हा ड्राइव्ह नीट समजून घ्यायला पाहिजे.

दुकानात नेलं की बहुतेक वेळा उत्तर एकच मिळतं, ड्राइव्ह गेला, नवीन टाका. पण बिघाड ड्राइव्हमध्ये आहे, डिस्कमध्ये आहे की विंडोजमध्ये, हे आधी वेगळं करायचं, आणि ते घरी बसून होतं.

एक कंपनीची छापील सीडी घ्या आणि एक कंपनीचीच डीव्हीडी. दोन्ही काहून? कारण आत लेझर दोन असतात. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, तो डोळ्याला जवळपास दिसतच नाही, आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल. लेन्स बाहेरून एकच दिसते पण लेझर वेगवेगळे, त्यामुळे एक थकला तरी दुसरा चालू राहू शकतो. सीडी चालते आणि कोणतीच डीव्हीडी चालत नाही, असं असेल तर मोटर ठीक, केबल ठीक, विंडोजही ठीक, मग उगाच ड्रायव्हर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारं विंडोजमधलं सॉफ्टवेअर, काढत-टाकत बसू नका, डीव्हीडीचा लेझर कमजोर झालाय किंवा लेन्सवर धूळ आहे. आणि कंपनीच्या डिस्क चालतात पण घरी किंवा स्टुडिओत बर्न केलेल्या चालत नाहीत, तर समजायचं की ड्राइव्ह काठावर आहे. बर्न केलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, त्यावरून उजेड कमी परत येतो, म्हणून कमजोरी आधी तिथेच दिसते. शिवाय तो थर उन्हाने आणि गरमीने खराब होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि डिस्क ठेवल्या असतात पत्र्याच्या कपाटावर नाहीतर कारच्या डॅशबोर्डवर, काय राहणार तिच्यात!

आता ट्रे उघडतो, पाहा. मधोमध हे गोल आहे ना, त्यावर तीन बारीक गोळ्या आहेत, डिस्क यांच्यावर टक् असा आवाज येईपर्यंत बसली पाहिजे. बरेच जण नुसती ठेवतात आणि ट्रे ढकलून देतात, मग ती आत तिरपी फिरते. ट्रेच्या खाली बोट लावून आधार द्या आणि डिस्क मधल्या भोकाजवळ दाबा, कडेला नाही. ट्रे उघडतच नसेल तर लॅपटॉप बंद करून समोरच्या या बारीक छिद्रात पेपर क्लिप सरळ करून घाला, ट्रे सुटतो.

आणि ही लेन्स. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये लेन्स ट्रेसोबतच बाहेर येते, हे आपलं नशीब, काही खोलावं लागत नाही. निळसर दिसते, मसुराच्या दाण्याएवढी, आणि हलकं बोट लागलं तरी खालीवर होते कारण ती बारीक तारांवर तरंगत असते. या लेन्सवर बघा, नुसती धूळ नाहीये, चिकट थर आहे. कूलरच्या खोलीत असंच होतं, हवेत ओलावा, त्यात रस्त्याची धूळ, आणि ती लेन्सवर बसून सुकते. साफ करायला लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, बॅटरी निघत असेल तर तीही काढलेली. इअर बडवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब, बड ओला टपटपत नको, आणि लेन्सवर वजन न टाकता हळूच फिरवायचा, मग कोरड्या बडने परत. पाच-दहा मिनिटं तसंच उघडं ठेवा. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नाही, लेन्स प्लास्टिकची असते, धुरकट होऊन जाईल. सॅनिटायझरही नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. तोंडाने फुंकर नको, थुंकी उडते, आणि पंक्चरच्या दुकानातल्या कंप्रेसरने तर बिलकूल नाही, त्या प्रेशरने लेन्स जागेवरून उखडेल.

आणखी एक सांगतो, कारण लोक हे करून राह्यले आणि मला खरंच वाईट वाटतं. लेन्सजवळ एक बारीक स्क्रू असतो तो फिरवून लेझरची पॉवर वाढवा, असा सल्ला फिरत असतो. नका करू. करंट वाढला की थोडे दिवस चालल्यासारखं वाटतं आणि मग लेझर कायमचा जळतो.

डिस्क पुसायची तर मधून बाहेर सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही, कारण डेटा गोल गेलेला असतो, त्याच दिशेने ओरखडा पडला तर ड्राइव्हला तो सावरता येत नाही. आणि सीडी असेल तर छापलेली बाजू जास्त जपा, डेटाचा चमकता थर त्या रंगाच्या लगेच खाली असतो. डीव्हीडीत तो दोन प्लास्टिकच्या मध्ये असतो.

बरं, ड्राइव्ह विंडोजमध्ये दिसतच नसेल तर? लॅपटॉप सुरू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनमध्ये, जा, तिथेही नसेल तर खालचा एक स्क्रू काढून ड्राइव्ह बाहेर ओढा, कनेक्टर पुसा, परत घट्ट बसवा. बायोसमध्ये दिसतो पण विंडोजमध्ये नाही, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या हार्डवेअरच्या यादीत, पिवळं चिन्ह आणि कोड १९, ३९ नाहीतर ४१ आहे, तर ड्राइव्हला दोष देऊ नका. तिथून ड्राइव्ह अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, तो परत येतो. नाहीच आला तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, करंट कंट्रोल सेटच्या क्लास फोल्डरमध्ये, ४डी३६ई९६५ ने सुरू होणारी 'की' (फोल्डरसारखी नोंद) शोधा. आधी तिचा एक्सपोर्ट घेऊन ठेवा, मग त्यातल्या फक्त अपर फिल्टर्स आणि लोअर फिल्टर्स या दोन नोंदी काढा, जुनी बर्निंग सॉफ्टवेअर हे मागे सोडून जातात. पूर्ण 'की' उडवू नका. आणि डिस्कच्या फाइल दिसतात पण पिक्चर चालत नाही, तर विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मीडिया प्लेयरमध्ये डीव्हीडी चालवायची सोयच नाहीये, व्हीएलसी नावाचा प्लेयर टाका, फुकट आहे.

तरी शंका राहिली तर पेनड्राइव्हवर उबंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, घेऊन त्यावरून लॅपटॉप सुरू करा. तिथे डिस्क वाचली तर घोळ विंडोजचा, तिथेही नाही वाचली तर हार्डवेअरचा. मला ही टेस्ट सगळ्यात भरवशाची वाटते.

नवीनच घ्यायचा झाला तर बर्डीवर, आपल्या सीताबर्डीच्या बाजारात, जायच्या आधी जुना ड्राइव्ह काढून जाडी मोजा, १२.७ मिलिमीटर आहे की ९.५, आणि कनेक्टर साटा आहे की जुना आयडीई ते बघा, शक्यतो जुना सोबतच न्या. बाहेरून लावायचा यूएसबी ड्राइव्ह घेतला आणि तो टकटक करत बसला तर पॉवर कमी पडतेय, हबमधून काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा.

आणि हे साफ केल्यावर डिस्क एकदा वाचली की आनंदाने पाहत बसू नका हो, आधी कॉपी करा, सिंगल लेयर डीव्हीडी जास्तीत जास्त ४.७ जीबीची असते. कॉपी मधेच अडकत असेल तर त्याच उबंटूमध्ये डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम टाका. ते आधी सोपा भाग काढून एका फाइलमध्ये, म्हणजे डिस्कच्या इमेजमध्ये, घेतं, अडलेला भाग नंतर परत परत वाचतं, आणि काय राहिलं त्याची मॅप फाइल ठेवतं. तीच डिस्क, तीच इमेज आणि तीच मॅप फाइल घेऊन मित्राच्या लॅपटॉपवर लावा, त्याचा ड्राइव्ह तुमच्याने न वाचलेला भाग वाचू शकतो, आणि अर्धवट वाचली जाणारी लग्नाची डीव्हीडी दोन ड्राइव्ह मिळून पूर्ण होऊ शकते.