लाकडी पूल पडला, पण चूक लाकडाची होती का?

हां तर मंडळी, ही साधी लाकडी पट्टी, अगदी टोकाजवळ खिळा ठोकतोय... टक... चिरली ना? म्हणूनच सुतार आधी गिरमिटाने भोक पाडतो, तेही टोकापासून चांगलं आत.

आता नॉर्वेला चला. ट्रेटेन गाव, १५ ऑगस्ट २०२२, सकाळी सकाळी १४८ मीटरचा पूल नदीत कोसळला. वर एक ट्रक आणि एक कार, नशीब बघा, दोन्ही ड्रायव्हर वाचले. आणि पूल किती जुना, तर २०१२ चा! म्हणजे दहा वर्षं फक्त.

लगेच लोक सुरू, लाकडाचा पूल बांधला की हेच होणार. अरे थांबा जरा! हे लाकूड म्हणजे जंगलातला ओंडका नाही, साधारण साडेचार सेंटीमीटरच्या सुकवलेल्या फळ्या एकावर एक ग्लूने चिकटवून प्रेस केलेल्या असतात, ग्लुलॅम म्हणतात त्याला, आणि वजनाच्या मानाने ताकद जबरदस्त. नॉर्वेतच फ्लिसाला २००३ मध्ये जुना लोखंडी पूल काढून १९६ मीटरचा लाकडी टाकला, त्यातला एक गाळा तर ७० मीटरचा, आणि खांब जुनेच वापरले, कारण लाकूड हलकं!

मग ट्रेटेनला गेलं काय? सांधा. या पुलांत तिरक्या दांड्यांच्या टोकाला खाचा पाडतात, आत स्टीलच्या प्लेटा सरकवतात आणि आरपार स्टीलच्या पिना ठोकतात. फाइलला लावलेला कागद जोरात ओढला की भोकांपाशी कसा फाटतो, तसा पिनांमधला लाकडाचा आख्खा तुकडाच निसटून आला, ब्लॉक शिअर म्हणतात याला. लाकूड शिरेच्या दिशेने ओढलं तर दणकट, पण शिरा एकमेकींवरून घसरायला लागल्या की संपलं, आणि स्टील आधी वाकून तरी सांगतं, हे सांगत नाही, एकदम तुटतं.

बरं, धडा नवा होता का? नाही हो! तिथलाच पेर्कोलो पूल २०१६ ला ट्रक वर असताना पडला होता, तिथेही चूक सांध्याच्या हिशोबातच.

आता ही दुसरी पट्टी, भोक आधी पाडलंय, टोकापासून चार बोटं आत. ओढ रे तिकडून... अजून जोर लाव... नाही येत. हात मात्र भरून आला राव.